पहिल्या ओळीतली आई

पुण्याच्या मुख्य कार्यालयातून खांबेट्यांचा फोन आला तेव्हा ऋजुता आष्टेकर नुकतीच डबा उघडून बसली होती.

"अभिनंदन, मॅडम! तुमच्या मिरजेच्या बाई राज्यात पहिल्या आल्या."

"कोण बाई?"

"श्रीबाई. आडनाव भरलेलं दिसत नाही. स्तन्यदानात त्यांच्या आसपासही कुणी नाही हो! दिवाळी नाही, शिमगा नाही, वर्षानुवर्षं रोजच्या रोज दूध दिलंय. आजारपणाचा खाडा नाही. सन्मानपत्र प्रणालीनं आपोआप काढलंय, आता सत्कार करायचा म्हणतात साहेब. पत्ता पाठवता का तेवढा?"

ऋजुताचा घास हातातच राहिला. मिरजेच्या मातृस्तन्य पेढीत ती दहा वर्षं होती, आणि तिच्या आधी तिची आई, सिस्टर प्रमिला आष्टेकर, इथंच निवृत्त झाली होती. श्री नावाच्या दात्रीची गोष्ट दोघींपैकी एकीच्याही तोंडून कधी निघाली नव्हती.

"बघून सांगते," ती म्हणाली आणि डबा झाकून संगणकाकडे वळली.

पेढीतला तो संगणक म्हणजे टेबलावर ठाण मांडून बसलेलं जुनं धूड. सगळं जग मनगटावरच्या पट्टीत नि चष्म्याच्या काचेत गेलं, तरी पेढीच्या नोंदी मात्र पंचवीसएक वर्षांपूर्वी बसवलेल्या त्याच प्रोग्रॅममध्ये राहिल्या होत्या. तो कुणाशी बोलत नसे. बाटली आली, नोंद कर. बाटली गेली, नोंद कर. आपलं घर भलं नि आपण भले. मागच्या आठवड्यात ऋजुताने त्याला पहिल्यांदा बाहेरच्या जगाशी जोडलं होतं.

त्याला कारण होतं. आईच्या दुधात जिवंत पेशी असतात, हे आधीपासून ठाऊक होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं कोवळं असतं. त्यातून त्या पेशी अंगात शिरतात आणि हाडाच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, बिऱ्हाड करतात, तेही जन्मभरासाठी, हे मात्र अलीकडे सिद्ध झालं. ज्या दोन मुलांनी एकाच बाईचं दूध प्यालेलं असेल, त्यांची शरीरं एकमेकांना परकं मानत नाहीत. एकाला मगज लागला तर दुसऱ्याचा चालतो. मग सरकारने सगळ्या स्तन्यपेढ्यांच्या नोंदी एका जागी आणायचं ठरवलं आणि 'स्तन्यसूत्र' नावाचा राज्याचा माहितीसाठा उभा राहिला.

अशा माहितीसाठ्यात सगळं एकाच बाडात कोंबत नाहीत. आयांचं एक टेबल, बाटल्यांचं दुसरं, बाळांचं तिसरं. प्रत्येक गोष्ट एकदाच आणि आपल्या जागी. बाटलीच्या ओळीत आईचं नाव नसतं, फक्त तिचा क्रमांक असतो. आणि त्या क्रमांकाची आई आयांच्या टेबलात असलीच पाहिजे. पाहुण्याने पत्ता सांगितला तर ते घर गावात असावं, इतका साधा नियम. पण संगणक तो कधी मोडू देत नाही.

जुन्या प्रोग्रॅमला हे नवं घर दाखवायला ऋजुताला घाम फुटला होता. माहितीसाठ्याचा पत्ता, दाराचा क्रमांक, नाव, परवलीचा शब्द, सगळं बरोबर असूनही जोडणी नाकारली जात होती. शेवटी कळलं, दोघांची भाषाच वेगळी. मधे दुभाष्या लागणार. ड्रायव्हर म्हणतात त्याला. तो बसवला आणि पडद्यावर 'जोडणी झाली' अशी हिरवी अक्षरं उमटली, तेव्हा ती खुर्चीतल्या खुर्चीत हात जोडून बसली होती.

आणि आता ही श्रीबाई.

ती आयांचं टेबल उघडणार तोच दारात चपला वाजल्या. तहसीन सतारमेकर आत आल्या. त्यांच्यामागे निलोफर, त्यांची होणारी सून. तहसीनभाभींचं घराणं सतारी बनवणारं. स्वतः त्या भोपळ्यावर नक्षी काढतात. नखांत लाखेचा रंग नेहमीचाच. आज मात्र हात ओढणीत गुंडाळलेले होते.

"ताई, एक बघून द्या. आमच्या अयानचा निकाह पुढच्या जुम्म्याला. दोघंबी लहानपणी तुमच्याच पेढीचं दूध प्यालेली. माझी नणंद कोल्हापूरची, तिनं आता काढलंय, की दूध एकाच बाईचं निघालं तर? दूधभाऊ-दूधबहीण म्हणजे सख्ख्यासारखी, निकाह होत न्हाई आमच्यात. काझीसाहेब म्हणाले, शंका काढलीच हाय तर खातरजमा करून घ्या."

"मी म्हटलं होतं, नका विचारू," निलोफर होणाऱ्या सासूकडे बघून हसत म्हणाली; त्यांना ती खाला, म्हणजे मावशी, म्हणे. ती औषधनिर्माण शिकलेली, बोलायला चुरचुरीत. "खाला म्हणतात, विचारल्याबिगर घास उतरत नाही. आधीच घरात दावत मोठी, त्यात खालाच जेवल्या नाहीत तर कसं व्हायचं?"

स्तन्यसूत्रात त्यासाठी एक खिडकीच होती. दोन बाळांचे क्रमांक घालायचे. नाव-गाव काही न सांगता प्रणाली फक्त 'होय' किंवा 'नाही' म्हणते. ऋजुताने क्रमांक घातले.

'होय. समान माता : एक.'

निलोफरचं हसू ओठांवरच राहिलं, पण त्यातलं पाणी गेलं. तहसीनभाभी खुर्चीवर बसल्या, मग उठल्या, मग परत बसल्या.

"परत करा," निलोफर म्हणाली. "आकडा चुकला असेल."

आकडा चुकला नव्हता. परतही 'होय' आलं.

"माझंच चुकलं," तहसीनभाभी पुटपुटल्या. "त्या वेळी विचारायचं होतं मी. कुणाचं दूध ते विचारायचं होतं."

ऋजुताच्या मनात खांबेट्यांचा आवाज घुमत होता. तिने ओळखीतली दुसरी दोन मुलं घेतली. एक गुरववाडीतलं, एक ख्रिश्चन वाडीतलं. 'होय.' आणखी दोन. 'होय.' तिने आयांचं टेबल उघडलं. पहिल्याच ओळीत होती ती. नाव : श्री. वय : शून्य. रक्तगट : कोरा. गाव : कोरं. आणि तिच्या क्रमांकाला जोडलेल्या बाटल्यांची रांग पडद्यावर खाली खाली जातच राहिली.

"भाभी," ती म्हणाली, "हे 'होय' खरं नाहीय बहुतेक. पण 'नाही' म्हणायलाही मला अजून जागा नाही. मला घरी जाऊन आईला विचारू द्या."

"सिस्टरना?" तहसीनभाभींनी मान वर केली. "त्यांनीच तर पाजलं माझ्या अयानला. चमच्यानं."

*

घरी आली तर आईचं मौन. चातुर्मासातले सोमवार प्रमिलाबाई स्नानापासून दिवेलागणीपर्यंत बोलत नसत. ऋजुता हे साफ विसरली होती.

"आई, श्री कोण?"

आईने देव्हाऱ्याकडे हात केला.

"तो श्री नव्हे गं! पेढीतली श्री. आयांच्या टेबलातली पहिली."

प्रमिलाबाईंच्या भुवया वर गेल्या. मग त्या हळूच हसल्या, मग गंभीर झाल्या आणि वाती वळायला लागल्या.

"मानेनं सांग. तू लिहिलंस?"

होकार.

"का?"

आता का-ला मानेनं कसं उत्तर द्यावं? ऋजुताने कागद-पेन पुढे सरकवलं, तर आईने ते अलगद बाजूला ठेवलं. लिहिणं हेही बोलणंच, असा तिचा नेम. "अगं, एका मुलीचं लग्न अडलंय!" ऋजुता म्हणाली. आईच्या हातातली वात थांबली. तिने खिडकीबाहेर उन्हाकडे पाहिलं, अजून अवकाश होता, आणि पुन्हा वळायला घेतली. मात्र त्यानंतरची एकही वात सरळ वळली गेली नाही.

देवापाशी दिवा लागला, नमस्कार झाला आणि आई तिथंच पाटावर बसून बोलू लागली.

"नव्या वहीत आधी श्री लिहितो ना आपण? संगणक आला तेव्हा मला वाटलं, ही पण वहीच. मग रोज सकाळी काम सुरू करताना पहिली नोंद श्रीची. शून्य मिलिलिटर नको म्हणायचा तो, म्हणून एक मिलिलिटर घालायची. देवाच्या नावानं."

"म्हणून दिवाळी-शिमगाही खाडा नाही!" ऋजुता हसली. "पण आई, एक मिलिलिटरची बाटली कुठल्या बाळाला जाणार? इथं तर भरलेल्या बाटल्या आहेत तिच्या नावावर."

आईने दिव्याची ज्योत सारखी केली.

"काही जणी नाव सांगत नसत. एकीचं बाळ गेलं होतं, दूध मात्र थांबेना. सासरचे म्हणायचे, असलं दूध अशुभ, मोरीत ओत. ती कापड विकत घ्यायच्या निमित्तानं बाहेर पडून आमच्याकडे यायची. एक लग्न न झालेली पोर होती. एकीचा नवरा म्हणे, आमच्या घरचं दूध परजातीच्या लेकराला कशाला? अशा कितीतरी. मी तपासण्या सगळ्या करायची, त्यात हयगय नाही. पण नावाच्या जागी काय लिहू? कोरं ठेवलं तर तो यंत्रातला मेला पुढं जाऊ देईना. खोटं नाव लिहायचं नाही, माझा नेम. मग पहिल्या ओळीतली श्री निवडायची. म्हटलं, ज्याचं कुणी नाव घेत नाही त्याला देवाचं नाव लागतं, त्यात खोटं काय?"

"आणि त्यांना तू शब्द दिलास."

"हो. देवासमोर."

"अयानला त्यांतल्या कुणाचं दूध गेलं, निलोफरला कुणाचं, आठवतं?"

"बायका आठवतात. बाटल्या कशा आठवतील गं?"

म्हणजे श्री ही एक बाई नव्हती. ती कितीतरी बायकांची एकच ओळ होती, आणि यंत्राने त्या सगळ्यांना मिळून एक आई केली होती. आता खरं कळायचा मार्ग एकच. अयान आणि निलोफर यांच्या रक्तात अजून त्या दुधाच्या पेशी असणार. त्या काढून एकमेकींशी ताडून पाहायच्या. पेढीत पेशीवाचक यंत्र होतं. पण ताडून पाहण्याचं गणित राज्याच्या माहितीसाठ्यातच चालत असे. नमुने तिकडे पाठवल्याशिवाय उत्तर नाही.

ऋजुता नियमपुस्तक उघडून बसली आणि एका ओळीपाशी अडखळली. 'ओळख अपुरी असलेल्या मातेशी निगडित नमुना कायम झाल्यास, प्रणाली जनुकनोंदीतून त्या मातेचा शोध घेऊन तिच्या सर्व बाटल्यांची नोंद पूर्ण करील.' हेतू चांगलाच होता. उद्या एखाद्या आजारी मुलाला दूधभावंडं सापडावीत. पण श्रीच्या एका बाटलीला हात लावला की तिच्या सगळ्या बाटल्यांवरून पदर सरकणार. मोरीत ओत म्हणणाऱ्या सासरच्या दारात एक अधिकृत पत्र जाऊन पडणार. त्या पोरीच्याही, जी आता कुणाची सासू झाली असेल.

"मग नको करू," असं आई म्हणाली नाही. ती एवढंच म्हणाली, "त्या मुलीचं लग्न मोडायला मी कारण व्हायला नको. आणि शब्द मोडायलाही. तू शिकलेली आहेस, मधली वाट असेल तर बघ."

*

मधली वाट ऋजुताला सापडली ती माहितीसाठ्याच्या अगदी जुन्या, मूळच्या रीतीत. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पेढीत जमले. अयानच्या बोटातून थेंब घेऊन त्याला कामावर धाडलं होतं. निलोफर मात्र हलायला तयार नव्हती. ऋजुताने तहसीनभाभींना समजावलं.

"संकल्प सोडताना हातावर पाणी घेतो ना आम्ही, तसं आहे हे. पाणी हातावर आहे तोवर दान झालेलं नाही. ताम्हनात सोडलं की झालं, मग परत नाही. माहितीसाठ्यात आपण काही लिहिलं की ते आधी असं हातावर असतं, 'व्यवहार' म्हणतात त्याला. तेवढ्या वेळात आपल्याला सगळं दिसतं, हिशोब करता येतो, पण जगाच्या दृष्टीनं काही घडलेलंच नसतं. मग दोन बटणं. 'कायम करा' किंवा 'मागे घ्या'. मागे घेतलं तर सगळं होतं तसं. आयांचा शोध सुरू होतो तो 'कायम' दाबल्यावर."

"म्हणजे बघायचं नि पुसायचं," निलोफर म्हणाली.

"हो. पण मग छापील दाखला मिळत नाही. दाखला निघतो तो कायम झालेल्या नोंदीचाच."

तहसीनभाभींचा चेहरा उतरला. "दाखल्याबिगर नणंद ऐकायची न्हाई, ताई. साऱ्या रिश्तेदारीत बोलत बसंल. कागद पायजेच मला."

प्रमिलाबाई कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या. काल रात्री त्यांनीच तहसीनला फोनवर सगळं सांगितलं होतं, नावं सोडून.

"आधी उत्तर तर बघू," ऋजुता म्हणाली आणि तिने व्यवहार सुरू केला.

पेशीवाचकाने दोन्ही थेंबांतल्या परक्या पेशी वेचल्या. जुन्या प्रोग्रॅमने त्या दुभाष्याकडे दिल्या, दुभाष्याने राज्याकडे. पडद्यावर रेघ सरकू लागली. अर्ध्यावर आली आणि फोन वाजला.

"मॅडम, खांबेटे. अहो, मिरजेनं आयांचं टेबल धरून ठेवलंय. तुमचा व्यवहार उघडा आहे. नाशिक, लातूर, सगळे खोळंबलेत. कायम करून टाका ना."

"नमुना पडताळणी चालू आहे, साहेब. नियमात आहे."

"नियमात आहे हो, पण लवकर. आणि त्या श्रीबाईंचा पत्ता?"

"श्रीबाईंना सत्कार नको आहे, साहेब."

"असं कसं? स्वभावच तसा का?"

"हो. स्वभावच तसा. नंतर सविस्तर लिहिते तुम्हाला. त्या ओळीसाठी नियमात सूट मागायची आहे मला." तिने फोन ठेवला.

रेघ कडेला पोचली.

'परक्या पेशींत समानता : नाही.'

निलोफरने दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं आणि त्यामागून एक विचित्र, गुदमरलेला हसण्याचा आवाज आला. तहसीनभाभी पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. चष्मा वर केला, खाली केला. एकेक अक्षर बोटाने चाचपल्यासारखं वाचलं. खाली दोन बटणं लुकलुकत होती.

"हे डावीकडचं दाबलं की कागद?"

"हो, भाभी."

"आनि त्या बायका?"

उत्तर त्यांना ठाऊकच होतं. तहसीनभाभींनी कोपऱ्यात बसलेल्या प्रमिलाबाईंकडे पाहिलं. प्रमिलाबाईंनी नजर चुकवली नाही, की विनवणीही केली नाही. तुझ्या मुलाचं लग्न, तुझा निर्णय, एवढंच त्या नजरेत होतं.

"सिस्टर," तहसीनभाभी सावकाश म्हणाल्या, "अयान हातावर मावंल एवढा होता. माझ्या अंगावर दूध न्हवतं. तुम्ही चमचा घेऊन आला, तवा मी एवढंच विचारलं, 'चालंल ना ह्याला?' तुम्ही म्हणाला, 'चालेल.' तवा मी कागद मागितला न्हवता."

पुन्हा फोन वाजू लागला. कुणी उचलला नाही.

"तुमच्या नणंदेचं मी बघते, खाला," निलोफर म्हणाली. "तिला म्हणते, माझ्या डोळ्यांनी वाचलं. नाही पटलं तर दावतीला येऊ नको, एक ताट वाचेल."

"गप गं, ती आल्याबिगर ऱ्हायची का?" तहसीनभाभींना हसू फुटलं. मग त्यांनी ओढणीतून हात बाहेर काढला आणि ऋजुताच्या खांद्यावर ठेवला. "मागं घ्या, ताई."

ऋजुताने उजवं बटण दाबलं. नमुने गेले, 'नाही' गेलं. नाशिक आणि लातूर सुटले. फोन आपोआप थांबला.

निलोफरला राहवलं नाही. तिने खिडकीत पुन्हा दोघांचे क्रमांक घातले.

'होय. समान माता : एक.'

"खोटं बोलतंय बघा मेलं, तोंड वर करून!" तहसीनभाभी म्हणाल्या.

"त्याला बिचाऱ्याला दोनच शब्द येतात," ऋजुता म्हणाली. "उद्यापासून श्रीच्या बाटल्यांसाठी आपल्या इथल्या खिडकीत तिसरं उत्तर घालते. 'माहीत नाही.'"

"कुणाचं दूध म्हटलं की हेच तर मी अयान झाल्यापासनं म्हणतेय," तहसीनभाभी म्हणाल्या. उठून त्या प्रमिलाबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. थोडा वेळ नखातली लाख कोरत राहिल्या.

"सिस्टर, त्यातली कोण हितं गावात असंल का अजून? नाव नको मला. पन निकाहच्या दिवशी जर्दा करनार हाय. केशराचा गोड भात, तूप घालून. मटणाचं भांडं बी लावनार न्हाई त्याला, ज्याला जे चालतं ते चालावं. माझ्या पोराच्या आईला पोचवाल का एक डबा?"

"कोणती ते मला माहीत नाही गं, तहसीन."

"मग सगळ्यांना पोचवा. जेवढ्या असतील तेवढ्यांना."

प्रमिलाबाई बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागल्या. एक हात संपला, दुसरा संपला; पहिल्यावर त्या परत आल्या. मग मोजणं सोडून त्यांनी तहसीनचा हात हातात घेतला.

"मग पातेलं मोठं चढव," त्या म्हणाल्या. "डबे बरेच लागतील."